आई-बाबा पहिल्यांदा बेंगळुरूला आले, तेव्हा जेवायचं कुठे?

रोज रात्री साडेनऊला आईचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जेवलीस का?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, "हो गं, आत्ताच."

खरं सांगू? आठवड्यातले चार दिवस तरी हे उत्तर खोटं असतं. साडेनऊला मी लॅपटॉपसमोर असते. पीजीतलं जेवण साडेआठला मांडतात आणि मी खाली उतरेपर्यंत भात गार होऊन डाळीचं नुसतं पाणी उरलेलं असतं. मग साडेदहाच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या दर्शिनीतून काहीतरी पार्सल आणायचं आणि मोबाइल बघत खायचं. पण मिरजेत बसलेल्या आईला हे सांगून काय उपयोग? तिची झोप जायची, एवढंच.

तर असे माझे आई-बाबा गेल्या वर्षी पहिल्यांदा बेंगळुरूला यायला निघाले. मला इथे येऊन दोन वर्षं झाली होती. बाबा एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेत. आयुष्यभर दुसऱ्यांना तिकिटं फाडून दिली, पण स्वतः फिरायला म्हणून दोघं पंढरपूर, कोल्हापूर आणि एकदा गोवा याच्या पलीकडे गेले नाहीत. त्यामुळे हे तीन दिवस एकदम भारी झाले पाहिजेत, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

माझी अकरा ठिकाणांची यादी

मी कंटेंट रायटर आहे. 'अमुक शहरातले दहा कॅफे, जिथे गेलंच पाहिजे' अशा याद्या मी पोटासाठी लिहिते. त्यातली निम्मी शहरं मी पाहिलेलीही नाहीत. पण आई-बाबांसाठीची यादी मनापासून केली. मोबाइलवर शीट उघडली, रंग भरले, नकाशाच्या लिंक टाकल्या. शुक्रवार सकाळ ते रविवार रात्र एवढ्या वेळात खाण्याची अकरा ठिकाणं बसवली.

बेंगळुरू या बाबतीत श्रीमंत शहर आहे, हे मान्य करावंच लागेल. लालबाग रोडवरचं एमटीआर, म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम, 1924 मध्ये उडुपीकडून आलेल्या मय्या बंधूंनी सुरू केलं. गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन 1943 पासून डोसे वाढतंय. शंकरपुरममधल्या ब्राह्मिन्स कॉफी बारमध्ये इडली, वडा, खारा भात, केसरी भात असे मोजकेच पदार्थ मिळतात, सांबार नसतंच, फक्त चटणी, आणि तरीही लोक तिथे उभे असतात. चर्च स्ट्रीटवरचं इंडियन कॉफी हाऊस आधी एमजी रोडवर होतं, 2009 मध्ये इकडे आलं. मल्लेश्वरमचं सेंट्रल टिफिन रूम आता पाटीवर श्री सागर आहे, पण सगळे त्याला अजून सीटीआरच म्हणतात. शिवाय इंदिरानगरमधला एक नव्या पद्धतीचा कॅफे मी खास शुक्रवार रात्रीसाठी ठेवला होता. झाडांना दिवे, लाकडी टेबलं, सुंदर फोटो. आईला असं काहीतरी दाखवायचं होतं.

शीटमध्ये सगळं होतं. फक्त दोन गोष्टी नव्हत्या. एक, बाबांच्या मधुमेहाच्या गोळीची वेळ. दुसरी, मारतहळ्ळी या सगळ्यापासून किती लांब आहे ते.

पहिला थांबा पहिल्याच तासात रद्द

शुक्रवारी सकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमधून दोघं उतरली. बाबांच्या खांद्याला जुनी कापडी पिशवी आणि आईच्या हातात भडंगाचा डबा. माझ्या शीटप्रमाणे थेट कॉफी हाऊस गाठून ऑम्लेट, टोस्ट आणि कॉफी असा नाश्ता होता.

"आधी अंघोळ," आई म्हणाली.

विषय संपला. आईने अंघोळीआधी चहाशिवाय तोंडात काही घातलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही. मग हे शीट भरताना मला का आठवलं नाही? कारण मी यादी करत होते, आईचा विचार करत नव्हते.

बाबांची गोळी मात्र थांबणारी नव्हती. स्टेशनवरच्या बाकावर बसून त्यांनी गोळी घेतली आणि आईने कालच केलेल्या दोन दशम्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ल्या. एवढ्या मोठ्या खाऊच्या शहरात त्यांचा पहिला घास मिरजेच्या दशमीचा!

मग जांभळ्या मेट्रोने कुंदलहळ्ळी आणि तिथून रिक्षाने मारतहळ्ळी. माझ्या पीजीत पुरुषांना वर जाता येत नाही, म्हणून जवळच तीन दिवसांसाठी एक छोटी खोली घेतली होती. रस्त्यावरच्या पाट्या वाचून बाबा खूश झाले. "मराठा हळ्ळी! म्हणजे आपलंच गाव की." हळ्ळी म्हणजे खेडं, हे मिरजेच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. त्यांचा आनंद मोडायला नको म्हणून मी आधी गप्प बसले. नंतर सांगितलं, की नावाबद्दल इथे वेगवेगळ्या गोष्टी ऐकू येतात. त्यातली एक जवळच्या एचएएलच्या 'मारुत' या लढाऊ विमानाची. 1961 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. बाबा म्हणाले, "विमान पण चालेल."

आईला मात्र गाव कुठेच दिसेना. रिंग रोडवरचा पूल, खाली बसची गर्दी, कपड्यांची दुकानं, एकाला एक चिकटलेल्या पीजीच्या इमारती, आंध्र मेस, बंगाली मिठाई, ओडिया जेवण. "अगं, इथे सगळ्यांचं जेवण मिळतंय," ती म्हणाली, "आपलं कुठंय?" मी म्हटलं, "संध्याकाळी बघ कुठे नेते ते."

शुक्रवारची संध्याकाळ

हा भाग लिहायला मला अजून जड जातं.

इंदिरानगर आमच्यापासून जेमतेम दहा किलोमीटर. शुक्रवार संध्याकाळ म्हणजे रस्त्यावर गर्दी असणार, हे माहीत होतं म्हणून पावणेसातलाच टॅक्सी केली. आठला टेबल मिळेल असं मी बाबांना सांगितलं होतं. बाबा शिस्तीचे. जेवणाआधी अर्धा तास गोळी, म्हणून त्यांनी साडेसातला टॅक्सीतच पाण्याबरोबर गोळी घेतली. तेव्हा आम्ही ओल्ड एअरपोर्ट रोडवर एकाच जागी उभे होतो.

पोहोचलो सव्वाआठला. दारातल्या मुलाने नाव लिहून घेतलं आणि हसून सांगितलं, चाळीस-पन्नास मिनिटं लागतील. मी आगाऊ टेबल ठेवलंच नव्हतं. याद्या लिहिणाऱ्या मुलीने ही साधी गोष्ट केली नव्हती. बाहेर बसायला दोनच स्टुलं होती आणि त्यांवर माझ्याच वयाची मुलं बसली होती.

बाबा भिंतीला टेकून उभे राहिले. मी फोनवर जवळचे दुसरे कॅफे शोधत होते. "दहा मिनिटं हं बाबा," असं मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला वर बघितलं, तर त्यांच्या कपाळावर घाम होता. बेंगळुरूच्या त्या गार हवेत घाम! हात थरथरत होते. आईने विचारलं, "काय होतंय?" तर ते तिच्यावर चिडले. बाबा आईवर कधी चिडत नाहीत. आईने एका क्षणात ओळखलं. "साखर उतरलीय यांची. गोड काहीतरी आण, पळ."

शेजारच्या पानाच्या टपरीवरून मी आंब्याच्या रसाची छोटी बाटली आणली. बाबांनी ती घोट घोट करत संपवली. टपरीवाल्या काकांनी आपलं स्टूल बाहेर आणून दिलं आणि बाबांना विचारलं, "ऊटा आगिल्वा?" जेवण नाही झालं का?

पंधराएक मिनिटांत बाबांचा चेहरा पूर्ववत झाला. आणि मग माझे बाबा त्या काकांशी चक्क कन्नडमध्ये बोलायला लागले! मिरजेहून अथणी-चिकोडीच्या गाड्यांवर त्यांनी वर्षं काढलीत, हे मला माहीत होतं. पण ते इतकं छान बोलतात, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. दोन वर्षं या शहरात राहून मला 'सोल्प' आणि 'बेडा' एवढंच येतं. काका हसून म्हणाले, तुमची भाषा तिकडची, बेळगावकडची. बाबा म्हणाले, "आमच्याकडे 'ऊट आतेन्री' म्हणतात, इथे 'ऊटा आयता' म्हणतात. प्रश्न तोच."

त्याच काकांनी कोपऱ्यावरची एक दर्शिनी दाखवली. तिथे बसायला चार बाकडी होती. आम्ही सेट डोसा आणि सागू खाल्लं. कॅफेतल्या मुलाचा फोन आला तेव्हा आमचं जेवण झालेलं होतं.

रात्री खोलीवर मला रडू आलं. आई म्हणाली, "अगं, होतं असं. कळलं ना आता?" पण मला तेच लागलं होतं. मी बाबांना शहर दाखवायला बोलावलं आणि त्यांना फुटपाथवर उपाशी उभं केलं.

तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल तर हे जरूर वाचा. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबलं, तर रक्तातली साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साधारण 15 ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे साखर किंवा अर्धा ग्लास गोड रस द्यायचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, गरज पडली तर पुन्हा द्यायचं आणि मग नीट जेवायचं. शुगर-फ्री पेय इथे कामाचं नाही. शुद्ध हरपली तर तोंडात काही न घालता लगेच दवाखाना. आणि गोळी कुठली, कधी घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं. हे सगळं बाबांना माहीत होतं, आईला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

बाबांनी थांबे ठरवले

शनिवारी पहाटे बाबा माझ्याआधी उठले होते. "तुझा तो तक्ता दाखव," म्हणाले. मी शीट उघडली. चष्मा लावून त्यांनी ती खालपासून वरपर्यंत वाचली.

"अकरा थांबे? ही लांब पल्ल्याची गाडी आहे की काय?"

मग त्यांनी मला एसटीची गोष्ट सांगितली. जेवणाचा थांबा ठरवताना कुठलं हॉटेल चांगलं, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, गाडीतली माणसं कधी भुकेली होतात. म्हातारी असतात, लहान मुलं असतात, कुणाला गोळी घ्यायची असते, कुणाला नुसतं खाली उतरून पाय मोकळे करायचे असतात. "माणसं बघून थांबा ठरतो, बाळ. पाटी बघून नाही."

शीटच्या मागच्या बाजूला नव्हे, वहीच्या पानावर त्यांनी पेनाने लिहिलं. सकाळी आठ, दुपारी एक, रात्री आठ. या तीन वेळा ठरलेल्या. त्यांच्याभोवती फिरणं बसवायचं. अर्ध्या दिवसात एकच भाग. जेवण समोर दिसल्याशिवाय गोळी नाही. रांग वीस मिनिटांपेक्षा जास्त असेल तर पुढे चालायचं. पिशवीत कायम साखर आणि भडंग.

आईने एकच ओळ वाढवली. "अंघोळ करून निघायचं."

इडली, डोसा आणि वन बाय टू

सहाला निघालो तेव्हा रिंग रोड मोकळा होता. ज्या रस्त्यावर आदल्या संध्याकाळी आम्ही अडकून बसलो होतो, तोच रस्ता! सातच्या आत आम्ही लालबाग रोडवर होतो. आठच्या ठोक्याला बाबांच्या पुढ्यात एमटीआरची रवा इडली होती, वर काजू आणि बाजूला तुपाची वाटी.

आई घरी रविवारी रवा इडली करते. तिला मी सांगितलं, की ही इडली इथेच जन्मली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा इथल्या स्वयंपाकघरात तांदळाऐवजी रवा वापरून बघितला गेला. पुढे 1975 मध्ये आणीबाणीच्या काळात सरकारने हॉटेलांतल्या पदार्थांचे दर इतके खाली आणले, की त्या दरात धंदा परवडेना. तेव्हा यांनी तयार पिठांची पाकिटं विकायला सुरुवात केली. आई इडलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे अडचण आली म्हणून हे झालं होय? आमच्या सगळ्या भाज्या अशाच झाल्यात."

त्यानंतर लालबागेत तासभर निवांत फिरलो. तिथल्या उघड्या खडकावर चढताना मी सांगितलं, की हा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. बाबा तिथे बसून म्हणाले, "मग आपण बसलो थोडं तर काही बिघडणार नाही."

साडेदहाला विद्यार्थी भवन. ही जागा दर शुक्रवारी बंद असते आणि दुपारीही काही तास दार लावलेलं असतं. माझ्या जुन्या शीटमध्ये ते शुक्रवारी दुपारी दीड वाजता लिहिलेलं होतं! आत भिंतींवर कन्नड लेखकांची चित्रं आहेत. वाढपी एका हातावर डोशांच्या ताटल्यांची चळत घेऊन टेबलांमधून वाट काढत येतात. ते बघून बाबांचं खाण्याकडे लक्षच नव्हतं. गर्दीच्या गाडीत तोल सांभाळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा तोल लगेच कळतो.

आम्ही तिघांत एकच मसाला डोसा घेतला आणि कॉफी 'वन बाय टू'. बेंगळुरूची ही रीत मला फार आवडते. एक कॉफी मागवायची आणि दोन पेल्यांत अर्धी अर्धी घ्यायची. कुणी वाकडं बघत नाही. घरच्या मोठ्या माणसांना घेऊन खाऊचं शहर बघायचं असेल तर यासारखी सोय नाही. थोडं थोडं चाखता येतं, पोट बिघडत नाही, साखरही चढत नाही. बाबांनी कॉफी मागताना आठवणीने सांगितलं, "सक्करे बेडा." साखर नको. इथे पुष्कळ ठिकाणी कॉफीत आधीच साखर घातलेली असते, म्हणून हे दोन शब्द पाठ करून ठेवा.

एक वाजता गांधी बाजाराजवळच एका साध्या खाणावळीत केळीच्या पानावर जेवलो. सारू, पल्य, भात, ताक. भिजवलेली मूगडाळ आणि काकडीची कोसंबरी वाढली तेव्हा आई हसायला लागली. "कोशिंबीरच की ही. नाव पण तेच." आदल्या दिवशी तिने विचारलं होतं ना, आपलं जेवण कुठंय? ते असं पानाच्या कोपऱ्यात निघालं.

दिवसभरात आम्ही तीनच ठिकाणी खाल्लं. दुपारी खोलीवर येऊन दोघं दोन तास झोपली. रात्री आई म्हणाली, गाडीतून उतरून भडंग, दही आणि केळी, बाकी काही नको. रात्री आठ वाजता आम्ही तिघं पलंगावर बसून तेच खाल्लं.

रविवार आणि माझी चोरी

रविवारी सकाळी मल्लेश्वरम. आधी काडू मल्लेश्वराचं देऊळ, कारण तो बाबांचा हट्ट. शहाजीराजांकडे बेंगळुरूची जहागीर होती, हे त्यांना माहीत होतं. पण या देवळाचा संबंध शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्याशी आहे आणि त्यांनी देवळाला गाव इनाम दिल्याचा 1669 चा शिलालेख आहे, हे ऐकून बाबा चपला घालायचंच विसरले. त्यानंतर गर्दी व्हायच्या आत सीटीआरमध्ये बेण्णे डोसा. बेण्णे म्हणजे लोणी. बाबांनी एक कोपरा खाल्ला, आईने दोन. बाकीचा अर्थात मी.

परतीची गाडी रात्री उशिराची होती. संध्याकाळसाठी माझ्या जुन्या शीटमध्ये शेवटचा एक कॅफे होता. पण आई म्हणाली, "आता तू रोज जिथं जेवतेस तिथं ने."

मी टाळायचा प्रयत्न केला. "तिथे काही खास नाही गं. बसायला पण जागा नाही."

"असू दे."

तर आम्ही मारतहळ्ळीतल्या माझ्या कोपऱ्यावरच्या दर्शिनीत गेलो. बेंगळुरूत अशा उभ्याने खायच्या जागा गल्लोगल्ली आहेत. 1983 मध्ये जयनगरात 'कॅफे दर्शिनी' सुरू झालं आणि तेच नाव पुढे या सगळ्या जागांना पडलं. आधी पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, खिडकीतून ताटली उचलायची आणि उंच टेबलाशी उभं राहून खायचं. स्वच्छ, स्वस्त, झटपट. माझ्यासारख्या हजारो मुलामुलींना या जागांनी जगवलंय.

संध्याकाळचे सव्वासात वाजले होते. गल्ल्यावरच्या दादांनी मला बघितलं आणि ओळखीचं हसून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. मीही हसून मान हलवली, नेहमीसारखी, काही न समजता.

बाबांना समजलं होतं. आईने विचारलं, "काय म्हणाला तो?"

बाबा जरा थांबले. मग म्हणाले, "म्हणतोय, आज लवकर आलात. रोज साडेदहाला येता, पार्सल नेता."

मी चिठ्ठीकडे बघत राहिले. रोज साडेनऊला "हो गं, आत्ताच" म्हणणारी मी. आई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "काय चांगलं मिळतं इथं? तेच घेऊ."

आम्ही बिसी बेळे भात घेतला. तिघं उंच टेबलाशी उभे राहिलो. आईला पदर सावरत उभ्याने खाणं जमेना, पण तिने सगळं खाल्लं. मग खिडकीतून आत डोकावून स्वयंपाकघर बघितलं. भांडी घासलेली होती, भात वाफाळत होता. तिच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा मला निवांतपणा दिसला. तेव्हा कळलं. ती लालबाग बघायला आली नव्हती. तिची मुलगी कुठे जेवते, ते बघायला आली होती.

स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी बाबा म्हणाले, "तू माझी आठची गोळी चुकवलीस आणि मला कळलं. तू तुझं आठचं जेवण रोज चुकवतेस, ते आम्हाला कळत नव्हतं. हिशेब सारखाच आहे."

तुम्ही बेत आखाल तेव्हा

तुमच्याकडेही कुणी पहिल्यांदा नव्या शहरात येणार असेल, किंवा तुम्ही घरच्यांना घेऊन जाणार असाल, तर चांगल्या जागांची यादी जरूर करा. खाल्ल्याशिवाय शहर कळत नाही. पण यादीच्या आधी एक साधं पान लिहा. कोण कधी जेवतं, कुणाची गोळी कधी, कुणाचा उपवास कोणत्या दिवशी, कुणाला जमिनीवर किंवा उंच स्टुलावर बसता येत नाही, कुणाला अंघोळीशिवाय खायचं नसतं. मग जागा बघा. बंद असण्याचा दिवस आणि दुपारची सुट्टी फोन करून विचारा. गाजलेल्या जागी सकाळी लवकर जा. प्रत्येक जागेजवळ दुसरी एक साधी, लगेच मिळणारी जागा हेरून ठेवा. आणि एक जेवण तरी तुमच्या रोजच्या जागी ठेवा. पाहुण्यांना शहर दाखवता येतंच, आपल्या माणसांना आपलं रोजचं ताट दाखवावं लागतं.

अलीकडे मी कामासाठी अशीच एक कॅफेंची यादी लिहिली. या वेळी प्रत्येक नावाखाली दोन ओळी जास्त घातल्या, बसायला पाठीची खुर्ची आहे का आणि शनिवार-रविवारी किती थांबावं लागतं. लेख नेहमीपेक्षा लांबला, पण कुणी कापला नाही.

आणि हो, आता माझ्या फोनमध्ये रात्री आठचा गजर आहे. बाबांच्याही फोनमध्ये आहे. आठला ते ताटाचा फोटो पाठवतात आणि मी माझ्या ताटाचा पाठवते. रोज जमतं असं नाही. कधी माझा फोटो साडेनऊला जातो, कधी दहाला. पण खोटं बोलायची गरज पडत नाही.

आईचा फोन अजून साडेनऊलाच येतो. फक्त प्रश्न बदललाय. ती आता विचारते, "काय जेवलीस?" आणि त्याचं उत्तर द्यायला बराच वेळ लागतो.